दोन इंजिनांची जुनी बोट, बॅटऱ्या आणि वायरिंग : वाचकांचे प्रश्न

पावसाळा आला की बोटी वर ओढल्या जातात आणि मग सगळ्यांना वायरिंगची आठवण होते, त्यामुळे यावेळच्या पत्रांत जुन्या दोन इंजिनांच्या बोटींचे बॅटरीचे प्रश्नच जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिलं उत्तर बरंच लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते आधी वाचा, कारण पुढच्या उत्तरांत त्यातल्या गोष्टी परत सांगितलेल्या नाहीत.

प्रश्न : आमची ३२ फुटी फायबर बोट आहे, सेकंडहँड घेतलेली, दोन डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली इंजिनं). बॅटऱ्या दोन, दोन्ही इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर, आणि वन-टू-बोथवाला एक गोल स्विच आहे जो खलाशी कायम बोथवर ठेवतात. गर्दीच्या दिवसांत डॉल्फिन दाखवायला गेलो होतो, इंजिनं बंद करून थांबलो, गाणी आणि फ्रिज चालू होतं, नंतर सेल्फ मारला तर नुसतं टक टक. दोन्ही इंजिनं चालू होईनात, दुसऱ्या बोटीने ओढत आणलं. दुकानदार म्हणतो अजून दोन मोठ्या बॅटऱ्या जोडा. जोडू का? (एक भगिनी, देवबाग)

उत्तर : ताई, आत्ता नवीन बॅटऱ्या जोडू नका. स्विच बोथवर म्हणजे दोन्ही बॅटऱ्या मिळून एकच झाली, त्यातूनच फ्रिज, त्यातूनच गाणी आणि त्यातूनच दोन्ही सेल्फ, मग ती बसली की सगळंच बसलं. अजून दोन जोडल्या तर दोन तासांऐवजी चार तासांनी बंद पडाल एवढाच फरक. दोन इंजिनांची बोट आपण घेतो कशाला, तर एकाने दगा दिला तर दुसरं घरी आणतं म्हणून, आणि कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर खेचत असताना त्याची किंमत काय असते ते तुम्हाला देवबागला बसून मी सांगायची गरज नाही. पण बॅटरी एकच असेल तर इंजिनं दोन असून उपयोग काय? म्हणून प्रत्येक इंजिनाला स्वतःची वेगळी बॅटरी, तिला त्या सेल्फशिवाय आणि त्या इंजिनाच्या मीटर आणि बंद करायच्या स्विचशिवाय काहीही जोडायचं नाही, आणि बाकी सगळ्यासाठी तिसरी बँक, म्हणजे एका कामासाठी वेगळी ठेवलेली बॅटरी किंवा एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या. बाकी मी जे काही सांगणार आहे त्यात तुमच्या बोटीप्रमाणे थोडं इकडे तिकडे चालेल, यात चालणार नाही.

बॅटरी कुठली घ्यायची ते कामावर ठरतं. सेल्फ मारताना काही सेकंद तीन-चारशे अँपिअर ओढले जातात, त्यासाठी पातळ आणि भरपूर प्लेटांची बॅटरी लागते, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरला असते तशी, तुमच्या इंजिनांना साधारण १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) पुरेल पण इंजिनाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघा. तीच बॅटरी फ्रिजला लावून रोज खाली उतरवली तर प्लेटा लवकर झडतात. याउलट घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर सावकाश आणि खोलवर करंट द्यायला बनवलेली असते, ती सेल्फला एकदम जोर देताना कमी पडते, शिवाय ती उंच असते, आत पातळ ॲसिड असतं, लाटेत हिंदकळून टोपणातून बाहेर येतं आणि खालच्या फायबरवर आणि वायरींवर सांडत राहतं. तुमच्या बॅटऱ्यांखाली पांढरा-हिरवा थर नक्की जमला असेल. तिसऱ्या बँकेला सीलबंद एजीएम डीप सायकल घ्या, म्हणजे आत ॲसिड शोषून धरलेली आणि खोलवर उतरवता येणारी. गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या तरी उत्तम चालतात, फक्त त्यांना पाणी घालावं लागतं आणि झाकणाच्या खोक्यात घट्ट बसवाव्या लागतात.

आता ही तिसरी बँक केवढी? हे दुकानदाराला विचारू नका, आठवडाभर कागदावर लिहा. तुम्ही जे सांगितलंत त्यावरून माझा अंदाज असा की फ्रिज उन्हात सरासरी ३ अँपिअर धरला तर आठ तासांचे २४ एएच, गाण्यांचा ॲम्प्लिफायर ६ अँपिअरने पाच तास म्हणजे ३०, जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून १२, व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत असेल तर ४, दोन पंखे ८, दिवे आणि लोकांचे मोबाईल चार्जिंग ६, पाण्याचे पंप ४. झाले ९० च्या आत-बाहेर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नाही असं धरलं तर १८० लागतात, म्हणजे १०० एएचच्या दोन, पॅरलल. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या, आणि जोडताना प्लस पहिल्या बॅटरीवरून आणि मायनस दुसऱ्या बॅटरीवरून बाहेर काढा, दोन्ही एकाच बॅटरीवरून काढलेत तर जवळचीच राबते आणि आधी जाते. लेबलवर सी१० लिहिलंय का सी२० तेही बघा, सी२० ची १०० एएच म्हणजे वीस तास ५ अँपिअर, तुम्ही तिच्यातून १५ ओढलेत तर तेवढी मिळणारच नाही.

मग चार्जिंग. अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनरेटर. डाव्या अल्टरनेटरची वायर सरळ डाव्या बॅटरीवर, उजव्याची उजव्या बॅटरीवर, मध्ये कुठलाही स्विच नको. तुमच्या गोल स्विचचा मोठा धोका हाच आहे की इंजिन चालू असताना कोणी तो ऑफवर फिरवला तर अल्टरनेटरचा करंट जायला जागा राहत नाही, व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड जळतात. प्रत्येक इंजिनाच्या बॅटरीपासून तिसऱ्या बँकेपर्यंत एकेक व्हीएसआर बसवा, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले. इंजिन सुरू झालं, त्याची बॅटरी १३.३ ते १३.७ च्या दरम्यान कुठेतरी आली की तो जोडतो, इंजिन बंद झालं आणि व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरलं की सोडतो. खलाशाने काही फिरवायचं नाही, लक्षात ठेवायचं नाही. हेच काम रिलेऐवजी डायोडने करणारे आयसोलेटर अजून मिळतात, त्यात ०.७ व्होल्टच्या आसपास खाल्ले जातात, जुन्या अल्टरनेटरला ते कळत नाही आणि बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात, म्हणून ते मी घेणार नाही.

व्हीएसआर घेताना एक विचारा, तो एकाच बाजूचं व्होल्टेज बघतो का दोन्ही बाजूंचं. दोन्ही बाजूंचं बघणारा असेल तर डावं इंजिन सुरू झाल्यावर तिसरी बँक वर चढते, ती बघून उजव्या बाजूचा रिलेही जोडून टाकतो, आणि तुम्ही उजवं इंजिन सुरू करायला जाता तेव्हा त्याचा सेल्फ रिलेमधून तिसऱ्या बँकेलाही खेचतो, जीपीएस फटकन बंद होऊन परत चालू होतो. मंडव्याच्या एका वाचकांनी नेमकं हेच विचारलंय की दुसरं इंजिन मारताना स्क्रीन का जाते, तर उत्तर हे. फक्त इंजिनाच्या बाजूचं व्होल्टेज बघणारा रिले घ्या, किंवा सेल्फ मारताना रिले सोडवणारी जास्तीची बारीक वायर ज्याला असते तो घ्या. या रिलेच्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे, एकाच टोकाला लावला तर दुसऱ्या बाजूने शॉर्ट झाल्यावर वायर पेटायला मोकळीच.

फ्यूज आधी वायरीसाठी असतो, वस्तूसाठी नंतर, आणि तो बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला. अमेरिकेतल्या बोटींच्या इलेक्ट्रिकल नियमांत, ज्याला एबीवायसी ई-११ म्हणतात, साधारण १८ सेंटीमीटरच्या आत असं सांगितलंय, केबलवर जास्तीचं आवरण असेल तर थोडं लांब चालतं. सेल्फच्या जाड केबलला फ्यूज सहसा नसतो, म्हणून ती केबल कमीत कमी लांबीची, पाइपात घातलेली, आणि कुठेही इंजिनाच्या धारदार कडेला किंवा एक्झॉस्टला न घासणारी हवी. जुन्या बोटीत ही केबल वर्षानुवर्षं हादरत असते आणि क्लॅम्पच्या खाली इन्सुलेशन कापलं गेलेलं बाहेरून दिसत नाही, क्लॅम्प सोडून बघा.

मायनसकडे मेकॅनिक लोक फार कमी लक्ष देतात. तिन्ही बँकांचे मायनस एकत्र हवेत, एका जाड तांब्याच्या पट्टीवर, आणि दोन्ही इंजिनांचे ब्लॉक एकमेकांना सेल्फच्या केबलएवढ्याच जाड केबलने जोडलेले हवेत. नाहीतर एखाद्या इंजिनाचा मायनस ढिला झाला की तीन-चारशे अँपिअर परत यायला दुसरा रस्ता शोधतात, मीटरच्या बारीक वायरींतून, नाहीतर गिअरच्या आणि थ्रॉटलच्या स्टीलच्या केबलीतून, त्या लाल होऊन आवरण वितळलेल्या बोटी आहेत.

आणि एक शेवटचा स्विच, आणीबाणीचा, दोन इंजिनांच्या बॅटऱ्या क्षणभर एकमेकांना जोडणारा. तो लाल रंगाचा, झाकणाखाली, एरवी कायम ऑफ. डावी बॅटरी मेली तर उजवीने डावं इंजिन मारता येतं, मारून झालं की परत ऑफ. तिन्ही बँकांना आपापला साधा ऑन-ऑफ स्विच. ही सगळी जोडणी एका कागदावर काढून, लॅमिनेट करून व्हीलजवळ लावा, मराठीत, आणि वायरींच्या दोन्ही टोकांना तेच नंबर लावा. तांडेल बदलला, इलेक्ट्रिशियन बदलला तरी कागद बोटीवर राहतो. खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर पहिल्यांदा दोन इंजिनांच्या दोन बॅटऱ्या वेगळ्या करा आणि आहेत त्या दोनपैकी एक ट्यूब्युलर तात्पुरती तिसरी बँक म्हणून खोक्यात बांधून ठेवा, फ्रिज आणि गाणी यातलं एकच चालवा, एक सीझन नीट निघेल.

प्रश्न : दोन्ही इंजिनं चालू असताना डाव्या इंजिनाचा आरपीएमचा काटा मध्येच शून्यावर पडतो, इंजिन व्यवस्थित चालू असतं. मेकॅनिकने अल्टरनेटर गेला म्हणून बदलला, तरी तेच. आता उजवाही बदलायला सांगतोय. (मुरूड-जंजिरा)

उत्तर : थांबा, काही बदलू नका. तुमच्या दोन्ही अल्टरनेटरचा करंट एकाच बँकेत जातोय असं पत्रावरून दिसतं. अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारे दोन रेग्युलेटर कधीच अगदी सारखे नसतात, उजवा १४.४ ला थांबत असेल आणि डावा १४.१ ला. बॅटरी भरत आली की उजवा तिला १४.४ वर नेऊन ठेवतो, डाव्याला वाटतं माझं काम झालं, तो स्वतःचं फील्ड बंद करतो आणि गप्प बसतो. आता जुन्या डिझेलना आरपीएमचा काटा बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून चालतो, अल्टरनेटर वीज बनवत नसेल तर तिथे सिग्नलच नसतो, म्हणून काटा खाली. बॅटऱ्या रिकाम्या असतात त्या वेळी, सकाळी पहिल्या तासात, काटा नीट चालतो आणि दुपारनंतर पडायला लागतो, असं होतंय का बघा.

खात्री करायला दोन गोष्टी करा. काटा पडला असताना सर्चलाइट, पंखे, पंप, जे आहे ते सगळं चालू करा. लोड वाढला की डावा अल्टरनेटर जागा होतो आणि काटा वर येतो. किंवा मोकळ्या पाण्यात, सुरक्षित जागी, उजवं इंजिन मिनिटभर बंद करा. काटा परत आला तर अल्टरनेटर, काटा, वायर सगळं चांगलं आहे, पहिला काढून टाकलेला अल्टरनेटरही बहुतेक चांगलाच होता, तो स्पेअर म्हणून बोटीवर ठेवा. दोन्ही करूनही काटा आला नाही तर मात्र बेल्ट, डब्ल्यूची वायर आणि ब्रश या क्रमाने बघा.

यात बॅटरीचं काही नुकसान होत नाही, रिकामी असताना दोन्ही अल्टरनेटर मिळून भरतात आणि भरल्यावर एकच राखतो. पण दोन इंजिनं सारख्या वेगाने चालवायला काटा लागतो, त्यामुळे त्रास मलाही समजतो. उपाय म्हणजे फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा सेन्सर लावून काटा त्यावर चालवणं, जुन्या काट्यांना ते चालत नाही, मग काटाही बदलावा लागतो. दुसरा, स्वस्त उपाय म्हणजे एकच अल्टरनेटर तिसऱ्या बँकेला द्यायचा आणि दुसरा फक्त त्याच्या स्वतःच्या बॅटरीपुरता ठेवायचा. त्यात तोटा एवढाच की नेमकं तेच इंजिन बंद पडलं तर दिवे आणि रेडिओ चार्जिंगशिवाय राहतील. दिवसाच्या फेऱ्या करणाऱ्या बोटीला मी तरीही तो स्वीकारेन, रात्री किंवा लांब जाणाऱ्या बोटीला नाही.

प्रश्न : बोटीवर घरातली चांगल्या कंपनीची तांब्याची वायर वापरली तर काय बिघडतं? आणि मासेमारीच्या बोटींवर सगळे वेल्डिंगची केबल बॅटरीला लावतात, ते बरोबर आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : घरातली वायर तांब्याचीच असते पण उघड्या तांब्याची. खाऱ्या हवेत टोकाकडून ओल आत शिरते आणि इन्सुलेशनच्या आतून तांबं काळं पडत जातं. जुन्या बोटीतली वायर कापून बघा, टोकाला काळं दिसलं की दोन इंच मागे कापा, तिथेही काळं असेल तर अजून मागे, कधीकधी फूटभर मागे गेलं तरी लख्ख तांबं सापडत नाही. अशा वायरीला थिंबल, म्हणजे टोकाला बसवायची धातूची टोपी, कितीही चांगलं दाबलं तरी जोड तापणार. म्हणून टिन केलेली, म्हणजे तारांवर कथिलाचा मुलामा असलेली, बारीक तारांची मरीन वायर घ्या, मुंबईत मिळते, कुरिअरनेही येते, महाग आहे पण एकदाच घालायची आहे. घरातली सिंगल जाड तारेची वायर तर बोटीवर आणूच नका, हादऱ्याने तुटते. वेल्डिंग केबलच्या तारा बारीक असतात, लवचिक असते, करंटही वाहून नेते, पण टिन केलेली नसते आणि तिचं रबर डिझेल-ऑइलमध्ये फुगतं. लगेच काढून फेका असं म्हणणार नाही, मात्र दरवर्षी थिंबलजवळ वाकवून बघा, आत कुरकुर आवाज आला की बदला.

वायर किती जाड हवी यावर लोक अंदाजाने चालतात आणि १२ व्होल्टमध्ये अंदाज चुकतो, कारण घरी २३० मधला एक व्होल्ट गेला तर कळतही नाही, इथे बारातला एक जातो. हिशोब सोपा आहे : जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचे स्क्वेअर एमएम, उत्तर येतं ते वाटेत गेलेले व्होल्ट. व्हीएचएफवर बोलताना २५ वॅटचा सेट ५ अँपिअरच्या आसपास ओढतो, बॅटरी ७ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १४. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.८ व्होल्ट गेले, चारच्या वायरीत ०.३. बॅटरी आधीच १२ वर असेल तर दीडच्या वायरीवरचा सेट नेमका तुम्ही मदत मागताना दबतो. दिशादर्शक दिवे, रेडिओ, पंप यांना ३ टक्क्यांच्या आत गळती ठेवा, पंख्याला आणि केबिनच्या दिव्याला १० टक्के गेली तरी चालते. सेल्फचंही तेच, ४०० अँपिअर, जाऊन-येऊन ६ मीटर, ३५ च्या केबलमध्ये १.२ व्होल्ट जातात आणि ७० च्या केबलमध्ये ०.६. बॅटरी बदलण्याआधी म्हणून हे तपासा : मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, थिंबलवर नाही, आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर, मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर केबल किंवा जोड खातोय. तसंच बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत बघा, जुन्या बोटीत बहुतेक वेळा चोर याच बाजूला सापडतो, रंगावर बसवलेल्या थिंबलखाली.

थिंबल दाबायला हायड्रॉलिक क्रिम्पर वापरा, हातोडीने ठोकून चपटं केलेलं थिंबल वर्षभरात ढिलं होतं. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. नुसता कावीया लावून जोड करू नका, शिसं तारांत वर चढतं, ती जागा कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. आणि रंगाचं : बोटीवर इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर डीसीचा मायनस पिवळा ठेवा, काळा नको, कारण आपल्याकडे २३० व्होल्टचा न्यूट्रल काळा असतो आणि कोणीतरी कधीतरी गफलत करतोच.

प्रश्न : मेन स्विच बंद करून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर बोटीत गुडघाभर पाणी, पंप ऑटोमॅटिक असून चालला नाही. (वेंगुर्ला)

उत्तर : चालणार कसा, तो मेन स्विचच्या पुढे जोडलेला आहे. ऑटोमॅटिक बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप, एवढी एकच गोष्ट मेन स्विचच्या आधी, तिसऱ्या बँकेवरून थेट घ्यायची, बॅटरीजवळ फ्यूज देऊन. फ्यूज पंपावर लिहिलाय तेवढाच, मोठा नाही, कारण पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली की पंप अडकतो, जास्त करंट ओढतो, आणि फ्यूज मोठा असेल तर तो उडत नाही, वायर आणि पंपच वितळतो. फ्लोट स्विचचे (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) जोड पाण्यात नकोत, वायर वर नेऊन हाताच्या उंचीवर जोडा, जुन्या बोटीतले पंप जातात ते बहुतेक याच जोडामुळे. मेन स्विच बंद ठेवून, फ्लोट हाताने उचलून दर आठवड्याला बघा. आणि पाणी आलं कुठून ते शोधलंत का? स्टर्न ग्लँड (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं सील) आणि समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय बोट परत पाण्यात घालू नका, पंप कितीही चांगला लावला तरी बॅटरी संपली की तो थांबणार.

प्रश्न : लिथियम बॅटरी टाकायची आहे, वजन कमी होईल. जुन्याच अल्टरनेटरवर चालेल? (पणजी)

उत्तर : वजनाचं खरं आहे, १०० एएचची लेड-ॲसिड ३० किलोच्या आसपास आणि लिथियम फॉस्फेट ११ ते १३ किलो, शिवाय ती ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. पण सरळ जोडू नका. लेड-ॲसिड भरत आली की करंट कमी घेते, लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढते, जुना अल्टरनेटर सतत पूर्ण भाराने चालायला बनवलेला नसतो, तापून जळतो. त्यातून बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे तिला जपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने, मध्येच कनेक्शन तोडलं तर गोल स्विच ऑफ केल्यावर होतं तेच, डायोड जातात. नुसता व्हीएसआरही इथे फसतो, लिथियम भरलेली असताना इंजिन बंद केल्यावरही १३.३ च्या आसपास बसून राहते, रिले सोडतच नाही. इंजिनांच्या बॅटऱ्या लेड-ॲसिडच राहू द्या, तिसरी बँक लिथियम करा आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी मोजक्या करंटने भरणारा, ३० अँपिअरचा पुरे. बॅटरी इंजिन रूममध्ये ठेवू नका, या बॅटऱ्या बहुतेक ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायच्या नसतात आणि मे महिन्यात आपल्याकडच्या इंजिन रूममध्ये तेवढं सहज होतं. पुढच्या बाकाखाली जागा करा. लेड-ॲसिडवाल्यांनीही हे ऐका, २५ च्या वर दर १० डिग्रीला बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

तुम्हाला टपावर जागा असेल तर लिथियमच्या आधी १०० वॅटचं एक सोलर पॅनल लावा असं मी सुचवेन. कोकण-गोव्याच्या कोरड्या ऋतूत ते दिवसाला २५ एएचच्या आसपास देतं, आणि अल्टरनेटरला जे कधी जमत नाही ते करतं, म्हणजे शेवटचे वीस टक्के सावकाश भरणं. आपल्या बोटी हळू चालतात, डॉल्फिनपाशी तर नुसत्या आयडलवर असतात, तेव्हा ६० अँपिअरचा अल्टरनेटर निम्माही देत नाही, आणि कायम अर्धवट भरलेली लेड-ॲसिड सल्फेट होऊन मरते.

प्रश्न : दोन पेट्रोल आउटबोर्डची जुनी स्पीडबोट आहे, बॅटऱ्या आणि पेट्रोलच्या टाक्या मागे एकाच कप्प्यात आहेत. (नागाव)

उत्तर : वेगळ्या करा, यात दुसरा सल्ला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साठते, आणि साधा रिले, साधा स्विच, ढिला थिंबल, कशाचीही ठिणगी पुरते. तोपर्यंत कप्पा उघडून, हवा मोकळी करून, वास घेऊन मगच चावी फिरवा. स्विच आणि व्हीएसआर घेताना इग्निशन प्रोटेक्टेड लिहिलेलेच घ्या, म्हणजे ज्यांच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही असे. बॅटरी जिथे न्याल तिथे मात्र वरच्या बाजूला भोक ठेवा, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका असतो आणि वर जातो. जोडणी वर देवबागच्या ताईंना सांगितली तशीच, फक्त छोट्या आउटबोर्डचं चार्जिंग फार कमी असतं, त्यावर फ्रिजची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात बॅटऱ्या घरी आणतो. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्या की उतरतात असं वडील म्हणतात, फळीवर ठेवायच्या. खरं आहे? (हर्णै)

उत्तर : जुन्या रबराच्या आणि लाकडाच्या खोक्यांच्या बॅटऱ्यांना ते लागू होतं, आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला जमिनीने काही होत नाही. फळीवर ठेवल्यात तरी चांगलंच, खाली ॲसिड सांडलं तर फरशी वाचते. बॅटरी उतरते ती वरून. मीठ, धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर प्लस-मायनसच्या मध्ये जमतो आणि त्यातून थोडा थोडा करंट वाहत राहतो. मल्टिमीटरची काळी पिन मायनसवर ठेवा आणि लाल पिन नुसती बॅटरीच्या झाकणाच्या प्लास्टिकवर फिरवा, प्लसच्या जवळ एक-दोन व्होल्ट दाखवायला लागला की समजा थर आहे. टोपणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरडं करा, टोपणाच्या आत सोडा जाऊ देऊ नका.

पूर्ण चार्ज करून ठेवा, काही तास तशीच राहू दिल्यावर १२.७ च्या आसपास दिसली पाहिजे. महिन्यातून एकदा बघा आणि १२.४ ला आली की परत चार्ज करा, १२.१ म्हणजे निम्मी गेली. चार्ज करायची खोली हवेशीर हवी, देवघराच्या समईजवळ नको. पाण्याची बॅटरी असेल तर प्लेटा उघड्या पडल्यात का बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही चार्ज झाल्यावर, आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना बाहेर येतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास परत बसवताना खुंट्या ब्रशने चकचकीत करा, आधी प्लस घट्ट करा, मायनस सगळ्यात शेवटी, आणि मग वरून व्हॅसलीन लावा, खुंटी आणि थिंबलच्या मध्ये नाही. पट्टा आवळल्यावर बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघा, बोटभरही सरकली तर पट्टा परत आवळा.